सेकंड हँड ७१८ बॉक्सस्टरला ट्रॅकर कुठला लावावा आणि विम्यात त्याचा खरा फायदा किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की २०१९ ची पोर्शे ७१८ बॉक्सस्टर सेकंड हँड घेतलीय, ६२ लाखाला, गाडी पुण्यात सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी असते, महिन्यातून दोन-तीनदाच बाहेर निघते, आणि तुम्हाला जीपीएस ट्रॅकर असा हवाय की जो लावल्यावर विम्याचा हप्ता पण कमी होईल. एजंटने "अँटी थेफ्ट लावा, डिस्काउंट मिळतो" असं सांगितलंय म्हणून कुठलं मॉडेल घेऊ असं विचारताय.

मी नाना पेठेत ॲक्सेसरीच्या दुकानात वायरिंग शिकलो, आता अठरा वर्षं झाली या कामात आणि गेली आठ-नऊ वर्षं अशाच गाड्यांचं इलेक्ट्रिकल करतो, त्यात क्लेमच्या वेळी सर्व्हेअरसमोर, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसासमोर, उभं राहणं पण ओघाने आलंच. त्यामुळे आधी विम्याचं सांगतो, कारण तिथेच गैरसमज सगळ्यात मोठा आहे.

अँटी थेफ्टची सूट म्हणजे ओन डॅमेज प्रीमियमच्या (हप्त्यातला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा भाग) अडीच टक्के, पण जास्तीत जास्त ५०० रुपये. बस. गाडी पाच लाखाची असो की दोन कोटीची, ५०० च्या वर नाही. हा जुन्या मोटर टॅरिफमधला नियम आहे आणि बहुतेक कंपन्या अजून तसाच लावतात. आणि ती सूट पण कुठल्याही जीपीएसला मिळत नाही, डिव्हाइस आपल्याच वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने मंजूर केलेलं हवं आणि ते बसवल्याचं ऑटोमोबाइल असोसिएशनचं सर्टिफिकेट हवं, म्हणजे आपल्याकडे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचं. बाजारात मिळणारे बरेच ट्रॅकर या अटीत बसतच नाहीत. एजंट फॉर्मवर टिक करून टाकतो, कोणी विचारत नाही, आणि पॉलिसीवर ५०० रुपये कमी झालेले दिसतात.

आता यातली खरी गोम बघा. ती सूट घेतली की पॉलिसीला एक एंडोर्समेंट, म्हणजे जोडकलम, लागते, आयएमटी १०. त्यात लिहिलेलं असतं की हे डिव्हाइस पॉलिसी संपेपर्यंत कायम चालू आणि चांगल्या स्थितीत ठेवायची जबाबदारी विमाधारकाची. म्हणजे ५०० रुपयांसाठी तुम्ही ६० लाखाच्या क्लेमवर एक अट मान्य करून बसता. मध्येच सिमचं रिचार्ज संपलं, ॲपचं सबस्क्रिप्शन रिन्यू करायचं राहिलं, वायर सुटली, आणि नेमकी त्याच महिन्यात गाडी गेली तर कंपनी पहिला कागद तोच काढणार. क्लेम लगेच बुडेल असं नाही, भांडता येतं, पण भांडायचं कशाला? मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगतो की ट्रॅकर जरूर लावा पण ती सूट घेऊ नका, आणि एजंटने न विचारता टिक केलीय का ते पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये स्वतः बघा, असेल तर लेखी मेल करून काढायला लावा.

इंटरनेटवर इंग्लिशमध्ये वाचून बरेच जण "थॅचम एस५ वाला ट्रॅकर मिळेल का" असं विचारतात. थॅचम ही ब्रिटनमधली गाड्यांची सुरक्षा तपासणारी संस्था, हे वर्ग तिचे. तिकडे पूर्वी कॅटेगरी ५ आणि ६ होत्या, २०१९ पासून एस५ आणि एस७ झाल्या. एस५ मध्ये ड्रायव्हरकडे एक टॅग असतो, टॅग जवळ नसताना गाडी हलली तर कंट्रोल रूमला अलर्ट जातो, चोवीस तास माणसं बसलेली असतात, ते पोलिसांशी बोलतात आणि लांबून इंजिन परत स्टार्ट होऊ देत नाहीत. तिकडे महागड्या गाडीला कंपनी सरळ लिहून देते की एस५ नसेल तर चोरीचं कव्हर नाही. त्यामुळे तुमचा कोणी भाऊ-मित्र लंडनला असेल तर त्याचा सल्ला त्याच्या जागी बरोबर आहे, पण तो इथे लागू होत नाही. तसंच एआयएस १४० या सरकारी मानकाचं म्हणून जे विकलं जातं ते टॅक्सी, बस अशा प्रवासी गाड्यांसाठी सक्तीचं आहे, पॅनिक बटणासकट, डेटा सरकारी सर्व्हरला जातो. खाजगी गाडीला त्याची गरज नाही, दुकानदार "सरकारमान्य" म्हणून गळ्यात मारतात.

मग ट्रॅकर लावायचा कशाला? तर गाडी तुमच्या नकळत हलली हे तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कळावं म्हणून. आणि खरं सांगू का, आपल्याकडे अशा गाडीला चोरापेक्षा ओळखीच्या हातांचाच धोका जास्त असतो, म्हणजे व्हॅले, वॉशिंगवाला, पॉलिशला दिलेली गाडी, वर्कशॉपची "टेस्ट ड्राइव्ह". माझ्या एका गिऱ्हाइकाची गाडी सिरॅमिक कोटिंगला दिली होती, तीन दिवस आत राहणार होती. दुसऱ्या रात्री पावणेबाराला त्यांच्या फोनवर अलर्ट आला, त्यांना वाटलं सिग्नलचा घोळ असेल, मला फोन केला, मी ॲप उघडलं तर गाडी एक्स्प्रेसवेवर, सोमाटण्याच्या पुढे, स्पीड १४२. आम्ही दोघं फोनवर तो ठिपका पुढे सरकताना बघत होतो. त्यांनी दुकानमालकाला उठवलं, त्याने पोराला फोन केला, गाडी परत आली, कुठे खरचटलं पण नव्हतं. पण तिथे अपघात झाला असता तर गाडी कोणाच्या परवानगीने चालली होती, चालवणाऱ्याकडे लायसन्स होतं का, इथून वाद सुरू झाला असता. त्या रात्रीनंतर ते गृहस्थ गाडी कुठेही देताना "ट्रॅकर लावलाय" हे आधी सांगतात. कुठल्या जागी लावलाय ते मात्र सांगत नाहीत, तुम्ही पण सांगू नका.

आता डिव्हाइस. तुमच्या गाडीसाठी माझी पहिली कसोटी एकच, ट्रॅकर झोपतो का? म्हणजे स्लीप मोडमध्ये किती करंट खातो. ही गोष्ट कोणी बघत नाही आणि मग महिन्याभराने बॅटरी झोपली म्हणून फोन येतो. हिशोब सोपा आहे. समजा बॅटरी ७० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे तिची साठवण) आहे. लॉक केलेली गाडी स्वतःच साधारण २५ मिलीअँपिअर खाते असं धरा, म्हणजे दिवसाला ०.६ एएच. स्वस्तातला ट्रॅकर जो कधीच झोपत नाही तो ४० मिलीअँपिअरच्या आसपास, म्हणजे दिवसाला जवळजवळ १ एएच आणखी. दोन्ही मिळून २२ दिवसांत निम्मी बॅटरी गेली, आणि चार-पाच वर्षं जुनी बॅटरी निम्म्यावर आली की स्टार्टर नीट फिरेलच असं नाही. तेच झोपणारा ट्रॅकर ४ मिलीअँपिअरवर आला तर तेवढ्यालाच ५० दिवस लागतात. तुमची गाडी तर महिन्यातून दोन-तीनदाच निघते, त्यात बेसमेंटमध्ये नेटवर्क नाही, तिथे तर वाईट ट्रॅकर सिग्नल शोधत बसतो आणि आणखीच खातो.

आणि पोर्शेला बॅटरी मेली की त्रास वेगळाच. या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत, आणि पुढच्या डिकीचं लॉक इलेक्ट्रिक. म्हणजे बॅटरीपर्यंत पोचायला डिकी उघडायची आणि डिकी उघडायला बॅटरी हवी. मग आत पायाजवळच्या फ्यूजबॉक्समधलं लाल टर्मिनल बाहेर ओढायचं, त्याला बाहेरच्या बॅटरीचा प्लस द्यायचा, मायनस बॉडीच्या धातूला, मग चावीवरचं पुढच्या डिकीचं बटण दाबलं की लॅच खट करून सुटतो. हे माहीत नसलेल्या माणसाने स्क्रू ड्रायव्हरने डिकी उचकायचा प्रयत्न केलेली गाडी मी दुरुस्त केलीय, ते बघून वाईट वाटतं. त्यामुळे ट्रॅकर कुठलाही घ्या, पण त्याबरोबर एक चांगला बॅटरी मेंटेनर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) घ्या आणि सोसायटीत पार्किंगला पॉइंट मिळत असेल तर घेऊन टाका.

दुसरी गोष्ट नेटवर्क. अजून भरपूर ट्रॅकर फक्त २जी वर चालणारे विकले जातात. जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे त्यात एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचंच सिम लागतं, आणि पुढची सात-आठ वर्षं २जी वर भरवसा ठेवून मी तरी डिव्हाइस बसवणार नाही. ४जी वाला घ्या, ४जी नसेल तिथे २जी वर जाणारा. सिम १३ आकडी एम२एम (मशीनसाठीचं) असेल तर बरं, ते कंपनी सांभाळते, तुम्ही रिचार्ज विसरायचा प्रश्न येत नाही. आत छोटी बॅकअप बॅटरी हवीच, म्हणजे कोणी मेन वायर कापली की "पॉवर कट" असा अलर्ट येतो आणि पुढचे काही तास लोकेशन पण मिळत राहतं. आणि हलण्याचा सेन्सर असा हवा की इग्निशन ऑन नसताना गाडी टोइंगवर उचलली तरी अलर्ट यावा, कारण अशी गाडी न्यायची तर फ्लॅटबेडवर चढवून नेणं सगळ्यात सोपं असतं. बेसमेंटमध्ये असताना लोकेशन येणार नाही हे गृहीत धरा, तिथे कामाचं काय तर गाडी रॅम्पवरून वर आली की पहिल्या मिनिटात मेसेज यायला हवा, आणि नेटवर्क नसतानाचा डेटा आत साठवून नंतर पाठवायला हवा.

ओबीडीला, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटला, खोचायचे जे असतात ते तुमच्या गाडीला नको. एक तर ती जागा चोराला पण माहीत असते, एका सेकंदात उपटून फेकतो, आणि दुसरं म्हणजे गाडीच्या नेटवर्कवर सतत काहीतरी बोलणारं डिव्हाइस असेल तर कधी कधी गाडीचे मॉड्यूल नीट झोपतच नाहीत, मग परत बॅटरीचीच कटकट.

स्वस्तातल्या चायनीज ट्रॅकरबद्दल एक मुद्दा जीव तोडून सांगतो. २०२२ च्या जुलैमध्ये बिटसाइट नावाच्या सायबर सिक्युरिटी कंपनीने मायकोडस एमव्ही७२० या साधारण २० डॉलरच्या ट्रॅकरमधल्या सहा कमजोऱ्या बाहेर काढल्या, अमेरिकन सरकारच्या सायबर एजन्सीनेही इशारा दिला. डिफॉल्ट पासवर्ड १२३४५६, आणि बाहेरचा माणूस लांबून गाडीचं लोकेशन बघू शकतो, एवढंच नाही तर फ्युएल कट पण करू शकतो. म्हणजे तुम्ही चोरापासून वाचायला जे लावलं तेच तुमच्या गाडीचा रोजचा पत्ता दुसऱ्याला देतंय. त्यामुळे ज्याचं ॲप कोणाचं आहे, सर्व्हर कुठे आहे हे दुकानदाराला सांगता येत नाही ते घेऊ नका, आणि कुठलंही घेतलं तरी पासवर्ड बसवतानाच तुमच्या हाताने बदला, फिटरला पण सांगू नका, मी पण गिऱ्हाइकाला फोन हातात देऊन तोंड फिरवून उभा राहतो.

फ्युएल कट किंवा इंजिन कटचा रिले, म्हणजे लांबून चालवायचा स्विच. सगळ्यांना तोच हवा असतो, ॲपमध्ये लाल बटण दाबलं की गाडी बंद. मी पोर्शेला फ्युएल पंपाच्या लाइनमध्ये रिले टाकत नाही, कोणी कितीही पैसे दिले तरी. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टीअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो, आणि मागून ट्रक येत असेल तर आत बसलेला चोर असो नाहीतर तुमचा मुलगा असो, जीव सारखाच जातो. शिवाय तो रिले अगदी स्वस्तातला असतो, पावसाळ्यात गंजला की घाटात गाडी बंद. फारच आग्रह असेल तर स्टार्टरच्या कंट्रोल वायरवर कट, म्हणजे चालती गाडी चालू राहील पण एकदा बंद झाली की परत स्टार्ट होणार नाही. तेवढंच.

बसवायची जागा. तुमच्या गाडीचं छत कापडाचं आहे त्यामुळे सिग्नलला फार अडचण नाही, डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली अँटेना वरच्या बाजूला तोंड करून चालतो. पण कोणी कार्बन फायबरचं बॉनेट, स्पॉयलर लावलं असेल तर त्याच्याखाली अँटेना ठेवू नये, कार्बन फायबर धातूसारखंच सिग्नल अडवतं, साधं फायबर ग्लास असेल तर सिग्नल आरपार जातो. आणि इंजिन मधे असलेल्या गाडीत मागच्या बाजूला डिव्हाइस टाकायचंच नाही, बॅकअपची लिथियम बॅटरी त्या उष्णतेत फुगते. वायर घेताना गाडीच्या ओरिजिनल वायरला ब्लेड मारून टेप गुंडाळणारा फिटर असेल तर तिथूनच गाडी परत आणा. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरूनच जोडणी देणारा तुकडा) वापरून, स्वतंत्र २ अँपिअरचा फ्यूज टाकून, कापडी टेप मारून काम झालं पाहिजे, म्हणजे उद्या काढलं तर गाडी होती तशी. दुसरा बॅकअप म्हणून सीटच्या फोममध्ये एअरटॅग टाकायला हरकत नाही, त्याला वायर लागत नाही, फक्त एवढं लक्षात घ्या की अनोळखी टॅग बरोबर फिरतोय असा इशारा चोराच्या फोनवर पण येतो, म्हणून त्या एकट्यावर विसंबू नका.

आता परत विम्याकडे, कारण तुमचा खरा पैसा इथे आहे. गाडी सेकंड हँड आहे, तर पॉलिसी तुमच्या नावावर झालीय का? आरसी ट्रान्सफर झालं म्हणजे विमा झाला असं नाही. थर्ड पार्टी आपोआप येतं पण ओन डॅमेज आणि चोरीसाठी १४ दिवसांत कंपनीला अर्ज करून पॉलिसी नावावर घ्यावी लागते. जुन्या मालकाच्या नावावर पॉलिसी असताना गाडी गेली तर दोघांनाही काही मिळत नाही, हे मी समोर बघितलंय. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस पण तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, तुमच्या आधीच्या गाडीचा असेल तर तो आणा.

दुसरं आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता ठरलेला आहे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. तुमची गाडी पाचच्या वर गेलीय म्हणजे आता आयडीव्ही तुम्ही आणि कंपनीने मिळून ठरवायचा. इथे एजंट हप्ता कमी दाखवायला ४०-४५ लाख टाकतो. चोरीत तुम्हाला आयडीव्हीच मिळणार, त्यातून २००० रुपयांची सक्तीची कपात वजा. म्हणजे हप्त्यात काही हजार वाचवून १५-२० लाखाची कुऱ्हाड पायावर. खरेदीची पावती, बँकेचं ट्रान्सफर, एखादा व्हॅल्युएशन रिपोर्ट जोडून ६० च्या आसपास मागा, एक कंपनी नाही म्हणाली तर दुसरीकडे जा. रिटर्न टू इनव्हॉइस ॲड-ऑन (गाडी गेली तर बिलाची किंमत देणारा) तुम्हाला बहुतेक मिळणार नाही, तो साधारण नव्या गाडीला पहिली तीन वर्षं, कुठे कुठे पाच. इंजिन प्रोटेक्ट मात्र घ्याच, इतक्या खाली बसलेल्या गाडीत पावसाळ्याचं पाणी शिरायला वेळ लागत नाही, आणि त्याशिवाय पाण्याने इंजिन गेलं तर कंपनी हात वर करते.

आणि खरंच हप्ता कमी करायचा असेल तर तो ट्रॅकरने नाही, कमी चालवण्याने होतो. २०२२ पासून विमा नियामक आयआरडीएआयने "पे ॲज यू ड्राइव्ह" ॲड-ऑनला परवानगी दिलीय, वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ते विचारून बघण्यासारखं आहे, बऱ्याच ठिकाणी ओडोमीटरच्या फोटोवरच चालतं. थर्ड पार्टीत काही होणार नाही, १५०० सीसीच्या वर वर्षाला ७,८९७ ठरलेलेच.

चाव्या. चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही ओरिजिनल चाव्या मागते. तुम्हाला जुन्या मालकाने दोन दिल्या का? एकच दिली असेल तर आजच डीलरकडे जाऊन गाडीला किती चाव्या शिकवलेल्या आहेत ते बघा, हरवलेली डिलीट करून घ्या, नवीन बनवा आणि त्याचं बिल जपून ठेवा. जुन्या मालकाच्या फोनवर गाडीचं ॲप अजून जोडलेलं नाही ना हे पण त्याच खेपेत बघून घ्या, आणि त्याने किंवा फायनान्सवाल्याने लावलेला जुना ट्रॅकर आत पडलेला असू शकतो, मी नवीन बसवायच्या आधी तो शोधतोच.

कधी अलर्ट आलाच, तर स्वतः पाठलाग करायला निघू नका. ११२ ला फोन, लोकेशनचे स्क्रीनशॉट वेळेसकट, आणि त्याच रात्री चौकीत तक्रार. आता ई-एफआयआर पण करता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. कंपनीला पण लगेच मेल. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय की एफआयआर लगेच केलेली असेल तर फक्त कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून क्लेम नाकारता येणार नाही, पण एफआयआरच उशिरा असेल तर तो आधार नाही. आणि इथे ट्रॅकर दुधारी आहे, रात्री दोनला अलर्ट गेल्याची नोंद सर्व्हरवर आहे आणि तुम्ही तक्रार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केली तर सर्व्हेअर तेच विचारणार. म्हणून अलर्टचा आवाज सायलेंटमध्येही वाजेल असा ठेवा आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवर ॲप टाका. गाडी सापडली नाही तर पोलिसांकडून "ए समरी", म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, कोर्टात मंजूर होऊन येईपर्यंत क्लेम सुटत नाही, त्याला महिने लागतात, तोपर्यंत ॲपमधला सगळा डेटा डाउनलोड करून ठेवा, बऱ्याच कंपन्या ९० दिवसांनी जुना डेटा उडवतात.

बजेट म्हणाल तर डिव्हाइस आणि फिटिंग मिळून पाच ते आठ हजारांत चांगलं काम होतं. त्याची किंमत पण क्लेममध्ये हवी असेल तर ते इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत दाखवावं लागतं, किमतीच्या चार टक्के जादा, म्हणजे दोन-तीनशे रुपये, दाखवून टाका.

कोणाकडेही बसवा पण गाडी संध्याकाळी द्या आणि सकाळी घ्या. बसवून झाल्यावर पुढची डिकी उघडी ठेवून लॅच हाताने बंद करायचा म्हणजे गाडीला डिकी बंद वाटते, गाडी लॉक करायची, चावी लांब ठेवायची, पाऊण तास थांबून क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजणारा) बॅटरीच्या मायनस वायरवर लावायचा. आकडा ३०-३५ मिलीअँपिअरच्या खाली आला तर गाडी आणि ट्रॅकर दोघंही झोपलेत. तो आकडा फिटरकडून बिलावर लिहून घ्या, आणि लॅच चावीने उघडून मगच डिकी लावा.